दिवाणावर दोन शब्द

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून नियमित रोजनिशी. (मागच्या तीन वह्यांतही पहिलं वाक्य हेच आहे. पण तेव्हा मी नोकरीत होतो.)

ज्येष्ठ नागरिक संघाने माझं व्याख्यान पुन्हा पुढे ढकललं. 'दिवाण : एका शब्दाचा प्रवास'. त्याऐवजी कुणी डॉक्टर गुडघेदुखीवर बोलणार म्हणे. बोलू दे. गुडघे सगळ्यांना असतात, जिज्ञासा नसते.

पण बरंच झालं. रविवारी पिंपळगाव बसवंतचे पाहुणे सृष्टीला बघायला येताहेत. तसं मुलगा, किशोर, आणि आमची सृष्टी एकाच ऑफिसात आहेत, वर्षभर एकमेकांना बघताहेतच. आता मोठ्यांनी बघायचं. आणि पाहुणे बसणार कुठे? हॉलमधल्या दिवाणावर! श्रोते आयते, विषय त्यांच्या बुडाखाली. असा योग पुन्हा नाही.

प्रतिभाने (बायको) दोन कामं सांगितली. एक, दिवाणाच्या झाकणाच्या बिजागऱ्या तुटल्यात, केरू मिस्त्रीला बोलवा. दोन, सुपारी फुटली तर द्यायचे टॉवेल-टोपी, साड्या, ओटीचं सामान दिवाणातच आहे, ते पाहुणे यायच्या आत बाहेर काढा. म्हटलं, झालंच समज.

४ नोव्हेंबर, मंगळवार
दिवसभर रिसर्च. शब्द फारसी. आधी अर्थ, हिशेबाची वही. मग त्या वह्या ठेवायची कचेरी. मग कचेरीचा कारभारी. मग कारभारी मंडळी बसायची ती भिंतीलगतची लांब बैठक. आणि शेवटी आपला हा प्लायवूडचा, वर गादी आणि पोटात गोधड्या.

अंगावर काटा आला. सातपूरच्या कंपनीत स्टोअर्समध्ये जन्म गेला माझा वह्या लिहिण्यात, आणि आता दिवसभर दिवाणावर. शब्दाचा आणि माझा प्रवास एकच!

सृष्टीला सांगितलं. फार सुंदर मान डोलावत होती. मग कळलं, कानात इअरफोन होते.

केरूला फोन राहिला. विचारांची लिंक तुटते.

६ नोव्हेंबर, गुरुवार
काल लिहिलं नाही. चिंतन.

आज अभ्यासासाठी दिवाण पूर्ण रिकामा केला. गोधड्या, सासऱ्यांचा पितळी बंब, बंद मिक्सर, तीन आकाशकंदील, आलेले आणि पुढे सरकवायचे लेमन सेट. काय ही भरण्याची पद्धत! सगळं स्टोअर्सच्या नियमाने पुन्हा भरलं. नेहमी लागणारं वर, क्वचित लागणारं तळाशी. टॉवेल-टोपी कधीतरीच लागते, ती तळाशी. मिक्सर वर.

केरूला फोन केला. सिन्नरला कामावर आहे, सोमवारी येतो म्हणाला. रविवारी पाहुणे आहेत हे मी सांगितलं नाही. मिस्त्रीला आपली गरज दिसली की तो डोक्यावर बसतो.

एक आख्यायिका सापडली. कारकून मंडळी हिशेब करताना स्वतःशीच पुटपुटायची, ते बघून राजा म्हणाला, हे तर दिवाणे, वेडे! त्यावरून म्हणे दिवाण. विद्वानांना हे पटत नाही. प्रतिभाला लगेच पटलं.

८ नोव्हेंबर, शनिवार
प्रतिभा मेथी निवडत होती तेव्हा रंगीत तालीम घेतली. ती म्हणाली, उद्या पाहुण्यांसमोर यातला एक शब्द जरी काढलात तर. पुढे कुकरची शिट्टी झाली. प्रोत्साहनच असावं.

सृष्टी शेजारी येऊन बसली. म्हणाली, पप्पा, त्यांच्याकडे चिमणाबाई आत्यांचा शब्द चालतो. त्यांच्या मनाला आलं नाही तर चहा पिऊन उठतील. उद्याचं तेवढं नीट होऊ द्या. बोलता बोलता रडू लागली पोरगी. मला गलबलून आलं. डोक्यावर हात ठेवून म्हणालो, मी आहे ना. तर जास्तच रडायला लागली.

निश्चय : पहाटे उठून आधी सामान बाहेर, मग बाकी सगळं.

९ नोव्हेंबर, रविवार, सकाळी
आठला उठलो. रात्री मनावर ताण होता. सामान काढणार एवढ्यात नवा मुद्दा मिळाला. फ्रान्सात जकात नाक्यालाही याच शब्दापासून आलेलं नाव आहे! टिपून घेतलं. पाहुणे अकराला येणार, भरपूर वेळ आहे.

बेल वाजली. सव्वादहाच झालेत! ही काय यायची रीत?

रविवार, संध्याकाळी
सविस्तर लिहितो. भविष्यात कुणी विपर्यास करू नये.

किशोर, त्याचे वडील हिरामणराव, आई ललिताबाई आणि हिरामणरावांच्या आत्या चिमणाबाई, चौघंही ओळीने दिवाणावर बसले. खाली त्यांचीच टॉवेल-टोपी. प्रतिभाने पोहे देताना माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. तिने माझी प्लेट परत आत नेली.

पाहुण्यांना उठा म्हणणार कसं? मला युक्ती सुचली. व्याख्यान! बोलता बोलता म्हणायचं, चला उठा, आता ही वस्तूच जवळून पाहू. सुरुवात केली. फारसी झाली, कचेरी झाली. 'वस्तू पाहू' म्हणताच हिरामणराव टुणकन उठले. ललिताबाई उठल्या, किशोरही उठला. चिमणाबाई तेवढ्या मोकळ्या झालेल्या जागेत आडव्या झाल्या. मी जकात नाक्यापर्यंत पोचलो तोवर त्या घोरायला लागल्या.

आवाज चढवला. घोरणंही चढलं.

आतून प्रतिभा कुजबुजली, आता माणसांना कोरडं पाठवायचं का? सृष्टीचा चेहरा एवढासा झाला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवढ्यात सृष्टी किशोरच्या कानात काहीतरी बोलली. त्याने वडिलांना खुणावलं. दोघांनी गादीची टोकं धरली आणि आत्यांना गादीसकट अलगद जमिनीवर ठेवलं. पोरगा कामाचा आहे.

झाकण मी उचललं. बिजागऱ्या नाहीत, म्हणून धरून उभा राहिलो. सृष्टीने मिक्सर काढला. आकाशकंदील काढले. लेमन सेट, बंब, गोधड्या. हॉलभर आमचा संसार पसरला. ललिताबाईंनी एक लेमन सेट ओळखला, त्यांच्याच पुतणीच्या लग्नात वाटलेला. मी झाकणाआड झालो.

मिक्सर ठेवल्याच्या आवाजाने चिमणाबाई जाग्या झाल्या. त्यांनी अंग ताणलं, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाल्या, लय दिवसांनी अशी झोप लागली बाई, घर चांगलं हाय, फोडा सुपारी!

फुटली. कुंकू, ओटी, टॉवेल-टोपी, पेढे सगळं झालं. मी झाकण धरून होतो. खाली ठेवावं तर आत किशोर वाकून टोप्या शोधतोय. डोळ्यांत पाणी आलं, पुसायला हात रिकामा नव्हता.

१० नोव्हेंबर, सोमवार
केरू मिस्त्री आला. चहा गार व्हायच्या आत बिजागऱ्या बसवून गेला.

ग्रुपवर फोटो आला. सगळे छान आलेत. डावीकडे दिवाणाचं उभं झाकण, त्याच्या कडेवर माझी बोटं. सृष्टीने खाली लिहिलंय, 'आणि हे पप्पा'. हिरामणरावांनी अंगठा पाठवला.

व्याख्यानाबद्दल कुणाचाच मेसेज नाही. विषय पचायला वेळ लागतो.

१२ नोव्हेंबर, बुधवार
आज दुपारी जेवण होतंय तोच फोन. चिमणाबाई! म्हणाल्या, व्याही, ते दिवाणाचं अर्धंच राह्यलं, सांगा की पुढलं.

प्रतिभाला म्हटलं, बघ! कुणीतरी आहे. तिने पदर तोंडाला लावला. भारावली असावी. मी खुर्ची ओढून बसलो आणि पहिल्यापासून सुरुवात केली. वही, कचेरी, कारभारी. जकात नाका. काय शांतता! मध्ये एक शंका नाही, एक खोकला नाही.

शेवटी विचारलं, कसं वाटलं? तर फोनवर ललिताबाई आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, आत्या मघाशीच झोपल्या, गोळीशिवाय. उद्यापासून रोज याच वेळेला जमेल का?

जमेल म्हणालो. उद्या 'खुर्ची' घेतो.