ताईंची लाल

प्रिय शेंडेफळ,

तू फोनवर म्हणालीस, ‘आई, या ना, पण या शनिवार-रविवारी नको, पुढच्या महिन्यात या.’ म्हणून आम्ही याच शनिवार-रविवारी येतोय. राहायची जागा ठरली, जेवायच्या जागा ठरल्या, गाडीची तिकिटं काढून झाली. आता लगेच फोन उचलून ‘अगं आई, ऐक ना’ सुरू करू नकोस. फोनवर तू तसं म्हणतेस आणि मी बावळटासारखी ऐकते. पत्रात बोलते मी आणि ऐकावं लागतं तुला, म्हणून हा खटाटोप.

राग आधी काढून टाकते, म्हणजे पुढचं अक्षर तरी सरळ येईल. तू काम करतेस त्या मळ्याची, तुझ्या हातची लाल वाइन या वर्षीची सगळ्यांत चांगली ठरली, शनिवारी द्राक्षबागायतदार संघाच्या मेजवानीत ती बनवणाऱ्याचं नाव पुकारणार, सगळं सभागृह टाळ्या वाजवणार, हे तू सांगितलंस तेव्हा मी रिसीव्हर हातात धरून नाचायचीच बाकी होते. आणि मग आवाज खाली आणून तू म्हणालीस की पुकारणार आहेत ते मालकांच्या जावयाचं नाव. जावई! जो परवा-परवा आला, ज्याला आंबणाऱ्या रसाच्या वासाने शिंका येतात आणि म्हणून जो तळघराच्या दारातूनच ‘सगळं ओके ना?’ विचारून माघारी वळतो, तो. आणि तू त्या संध्याकाळी एप्रन बांधून टेबलाटेबलावर तीच वाइन ओतत फिरणार. ‘मालकांनी मला नोकरी दिली, आई. एका नावासाठी कशाला वाद घालायचा?’ असं तुझं म्हणणं. नोकरी दिली म्हणे. तू काय फुकट गिळत होतीस का त्यांच्याकडे? पिंपाला कान लावून आतला रस कसा आंबतोय ते ऐकत बसलेली तुला मी स्वतः पाहिलंय, त्या एका दुपारी, वीस मिनिटं तू माझ्याशी एक शब्द बोलली नव्हतीस. तेव्हा त्यांचा जावई कुठे होता?

असो. राग संपलेला नाही, पण कागद संपेल.

तर राहायची जागा. दादाने त्याच्या नेहमीच्या उत्साहाने मोबाइलवर हॉटेलं पाठवली, प्रत्येकाला भरपूर तारे. पहिलं म्हणजे कसलंसं रिसॉर्ट. ‘द्राक्षवेलींच्या कुशीत स्वतःला शोधा.’ मी फोन लावून सांगितलं की मी हरवलेली नाही, मला कडक गादी आणि तळमजल्यावरची खोली हवी. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, खोलीची खासियत म्हणजे पलंगावरून काचेच्या भिंतीतून थेट बाथरूम दिसतं, जोडप्यांना फार आवडतं. पडदा आहे का, विचारलं. ‘मॅडम, पडदा रिक्वेस्टवर.’ तुझे बाबा पेपरामागून म्हणाले, ‘तिला विचार, भिंत रिक्वेस्टवर मिळेल का.’ दुसऱ्या ठिकाणी जुन्या पिंपांच्या आत पलंग टाकलेत. दादा म्हणे, आई, काय मस्त अनुभव! त्याला म्हटलं, या वयात आता आणखी मुरायचं काही शिल्लक राहिलेलं नाही, तुझ्या बायकोला ने.

शेवटी मीच एक घर शोधलं. एका निवृत्त नर्सबाईंचं, मागे छोटंसं अंगण, तळमजल्यावर दोन खोल्या. चादरी कुठे वाळवता, असं विचारल्यावर बाई म्हणाल्या, ‘उन्हात, आणि वर इस्त्री. आता तुम्ही सांगा, घोरतं कोण? भिंत पातळ आहे.’ जी बाई पहिल्याच फोनवर असं विचारते तिच्या घरात झुरळ राहायची हिंमत करत नाही. मी कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात होते तेव्हा आमच्या सिस्टर गादीचा कोपरा उचलून आधी खालची बाजू बघायच्या आणि मगच वरच्या चादरीकडे. गेल्यावर मीही उचलणार, पण या बाईंच्या बाबतीत तो निव्वळ शिष्टाचार. घोरण्याचं उत्तर मी खरं दिलं. तुझ्या बाबांनी दिवसभर माझ्याशी अबोला धरला.

जेवणाच्या जागांचं काम जास्त नाजूक होतं. मी उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. पलीकडचा माणूस खरं बोलतोय की हातातलं काम टाळतोय, हे मला त्याच्या पहिल्या श्वासावरून कळतं. तुमच्या त्या भागातल्या एकेका रेस्टॉरंटला मी फोन लावला. आधी साधे प्रश्न. सूप गरम देता की कोमट? खुर्चीला पाठ आहे की नुसतं स्टूल? गाणी किती मोठ्याने? एकाने सांगितलं, ‘आमच्याकडे सहा टप्प्यांचा प्रवास असतो, मॅम.’ म्हटलं, मी जेवायला येतेय, यात्रेला नाही. तो काट मारून बाद. मग शेवटी, अगदी सहज विचारल्यासारखं, माझा खरा प्रश्न: तुमच्याकडे अमुक मळ्याची लाल वाइन मिळते का?

आता नीट वाच. पहिल्या ठिकाणी वेटर म्हणाला, ‘म्हणजे ताईंची लाल ना? मिळते की.’ मी चमकले. कोण ताई, विचारलं. ‘ताई हो, मळ्यावरच्या ताई.’ माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, झालं! जावई पुरला नव्हता म्हणून आता मालकांची बहीणही आली वाटेकरी व्हायला. त्या बिचाऱ्या वेटरला मी असं काही सुनावलं की त्याने सॉरी म्हणून फोन मॅनेजरकडे दिला. मॅनेजर म्हणाला, ‘आजी, लेबलवर मालकांचं नाव असतं, पण आम्ही ऑर्डर देताना ताईंचीच म्हणतो. नुसती लाल म्हटलं तर गोदामातून भलतीच बाटली येते.’ मी आणखी भडकले. आजी म्हटलं म्हणूनही. दुसऱ्या ठिकाणीही तेच. ‘ताईंची संपली, परवा येईल, दुसरी चालेल का?’ तिसऱ्याने तर मलाच विचारलं, ‘ताईंच्या ओळखीच्या का तुम्ही? मग त्यांना सांगा, या वेळी दोन पेट्या जास्त द्या म्हणावं.’ संध्याकाळी मी तुझ्या बाबांसमोर त्या मालकांच्या बहिणीचा यथेच्छ उद्धार केला. ते म्हणाले, ‘मालकांना बहीण आहे, हे तुला कुणी सांगितलं?’ कुणीच नाही, पण माझा राग अशा बारीकसारीक गोष्टींसाठी थांबत नाही.

चौथा फोन एका लहानशा जागेला लावला. तिथली मालकीणच स्वयंपाक करते. मागे भांड्यांचा खणखणाट, आणि बाई मात्र निवांत. मी सरळच विचारलं, ही ताई म्हणजे नक्की कोण बया आहे? ती हसली. म्हणाली, ‘अहो, बारीकशी आहे, चष्मा लावते, डोळे मिटून वास घेते. सुगंधी तेल लावून आलेल्या माणसाला तळघरात पाऊल ठेवू देत नाही, मालकांनासुद्धा एकदा दारातून परत पाठवलं. आमच्याकडे एकदा बाटल्या उन्हात राहिल्या, तर स्वतः येऊन सगळ्या परत नेल्या आणि बदलून दिल्या, वर मलाच दम भरला. वयाने माझ्यापेक्षा लहान आहे, पण ताई म्हटल्याशिवाय तोंडातून शब्द निघत नाही.’

मिटलेल्या डोळ्यांपाशीच मी ओळखलं, ही तर तू! अगं, मला कसं कळणार? आपल्या घरात तू सगळ्यांत धाकटी. दादा तुला टिल्ली म्हणतो, आत्या अजून बाळ म्हणते, मी शेंडेफळ म्हणते. तुला ताई म्हणेल असं या घरात कुणी जन्मालाच आलं नाही. तुझ्या खालच्या पाळण्यात कुणी नव्हतं, म्हणून तो शब्द तुझा असू शकतो हे तुझ्या आईच्याच डोक्यात शिरलं नाही. आणि तिकडे अख्ख्या गावाची, तुझ्या दुप्पट वयाच्या आचाऱ्यांची, वेटरांची, दुकानदारांची तू ताई झालेली! छापलेल्या नावाला बाजूला सारून लोकांनी आपणहून दिलेलं नाव. त्या बाईंना मी सांगितलं, तुमच्याकडे रविवारी दुपारचं टेबल हवं, आणि हो, मी ताईंची आई बोलतेय. पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. मग त्या म्हणाल्या, ‘खिडकीजवळचं देते.’ इतक्या वर्षांच्या नोकरीत मी हजारो लोकांचे फोन जोडून दिले असतील, पण फोनवर इतक्या ताठ मानेने मी कधी बसले नव्हते.

हे सगळं मी तुझ्या बाबांना सांगितलं. तुला माहीत आहे, ते दारूच्या थेंबाला शिवत नाहीत, आणि तू पाठवलेली बाटली कपाटात पुस्तकांना टेकू म्हणून उभी असते. त्यांनी ती उचलली, दिव्याखाली नेली, भिंग लावून लेबल पुढून वाचलं, मागून वाचलं, अगदी खालची बारीक ओळसुद्धा. मग म्हणाले, ‘मी ड्राफ्ट्समन होतो. माझ्या प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात चौकट असायची. मंजुरी साहेबांची, पण आरेखन या शब्दापुढे माझी आद्याक्षरं. साहेब चार बदलले, त्यातला एक तर महाखडूस, पण त्या चौकटीत दुसऱ्याची अक्षरं घालायची छाती कुणाची झाली नाही.’ एवढंच बोलले. रात्री जेवताना मात्र अचानक म्हणाले, ‘काळा कोट इस्त्रीला टाक.’ तो कोट दादाच्या लग्नानंतर बाहेर निघालेला नाही. बटण लागत नाही, पण म्हणाले उघडा घालेन.

आता पत्र कशासाठी लिहिलं ते सांगते. संघाच्या सेक्रेटरींना मी काल फोन केला आणि शनिवारच्या मेजवानीत तीन खुर्च्या घेतल्या. नावं विचारली. आमची दोघांची दिली आणि तिसरं तुझं दिलं, पूर्ण नाव, एकेक अक्षर सुटं करून. ते गडबडले. ‘ताई बसणार? मग ओतणार कोण?’ म्हटलं, जावईबापूंना दोन हात आहेत की! ते खोकले, पण मला वाटतं ते हसले. हे बघ, मी तिथे तोंड उघडणार नाही. मालकांना एक शब्द बोलणार नाही, तुझ्या बाबांनी तशी शपथच घ्यायला लावली आहे. तुझ्या नोकरीचं काय करायचं, भांडायचं की नाही, हे तुझं तू ठरव, तू आता बाळ नाहीस. मी मागतेय ते एवढंच, की शनिवारी एप्रन बांधू नकोस. ती निळी साडी नेस आणि येऊन आमच्या दोघांच्या मधल्या खुर्चीवर बस. ते माइकवर कुणाचंही नाव पुकारू देत. टाळ्या सुरू झाल्या की आम्ही दोघं उभे राहणार, स्टेजकडे पाठ करणार आणि तुझ्याकडे बघून टाळ्या वाजवणार, हात दुखेपर्यंत. त्या सभागृहात तुला ताई म्हणणारी माणसं बरीच असतील. त्यांनी कुणीकडे तोंड करायचं, ते त्यांचं त्यांना ठरवू दे.

तुझीच, आणि हे चारचौघांत सांगायला निघालेली,
आई