गाडीची काजळी आणि तारक्काचा गुरुवार

गुरुवार, ता. २
जुनी गाडी आज परत सिग्नलला बंद. मागून नुसतं पों पों. मेघा, माझी नात, शांतपणे चावी फिरवत बसली. धीर माझा घेतलाय पोरीने, नाक मात्र बापाचं. यशवंतपूरला पोचायला उशीर झाला. तारक्का, माझी थोरली बहीण, पडल्या पडल्या दाराकडे बघत होती. उठवत नाही तिला आता. गुरुवारची वेणी माझ्याच हातची लागते. बाकी दिवस म्हणे तिची सून घालते, पण "ओढते फार".

शुक्रवार, ता. ३
श्री, मेघाचा बाप, म्हणाला, "आई, रविवारी एक जण जुनी गाडी बघायला येतोय. खाली जागा एकाच गाडीची, नवी रस्त्यावर उभी असते." खरं आहे लेकराचं. नवी गाडी छानच, पण उंच. गेल्या महिन्यात श्रीने आणि वॉचमनने मिळून मला आत चढवलं, तांदळाचं पोतं चढवावं तसं. रिक्षाचीही तीच तऱ्हा, गुडघा ऐकत नाही. जुनीत बसणं म्हणजे पाटावर बसणं. टेकलं की झालं.
श्रीला हे बोलले नाही. किती करतो माझं. मेघाला बोलले.
ती म्हणे, "आज्जी, इंजिन जिथून हवा ओढतं तिथे कार्बन बसलाय. उद्या मीच काढते."
"येतं तुला?"
"मैत्रिणीच्या गाडीचा काढलाय की."
सरी, बरं तर, म्हटलं.

शनिवार, ता. ४
खाली खुर्ची टाकून बसले. मेघाने आधी बॅटरीची तार काढली, मग जाड रबरी नळा, मग चार बोल्ट. तांब्याएवढं एक भांडं निघालं, आत झाकणीसारखी गोल चकती. थ्रॉटल म्हणाली. आत काळंकुट्ट! समईमागच्या भिंतीवर धरते तशी काजळी, पण चिकट. ती डब्यातून फवारा मारी, ब्रशने घाशी.
मी म्हटलं, "चिंच आणू?"
"अय्यो आज्जी, पितळेचा बंब आहे का हा!" हसून हसून खाली बसली. मग पुसायला मला दिलं. "चकतीला जोर नको, स्वल्प हलक्या हाताने." इतकी वर्षं भांडी घासली, पण गाडीचं पहिल्यांदाच. लख्ख निघालं. इंजिनाच्या बाजूचं तोंडही तिने आतून पुसून घेतलं.
मधलं रबर तेवढं फाटलेलं. ते आणायला चिकपेटेच्या बाजारात पळाली. जोडायचं उद्या सकाळी. तोंड तसंच उघडं! भांडं उघडं टाकून उठायचं नाही, पाल पडते, ही सासूबाईंची शिस्त. जुन्या काळ्या इरकलीचा तुकडा खोचला आणि वर आले.
पोरीची बोटं काळी झालीत. खोबरेल लावून दिलं.

रविवार, ता. ५
मेघाने सकाळीच सगळं जोडलं. चावी फिरवली. घर्र, घर्र, काही नाही. परत. नाही. श्री गॅलरीतून, "तरी सांगत होतो, मेस्त्रीकडे द्या." मेघाचे डोळे भरले. तेव्हा माझ्या लक्षात आलं.
"मेघा, आत माझी इरकल आहे ग."
"काय आहे?"
"इरकल. पाल पडू नये म्हणून."
काळ्यात काळं, तिला दिसणार कसं? परत चार बोल्ट. बोळा निघाला, अख्खा, देवाची कृपा. "आज्जी, हा आत ओढला गेला असता ना..." आणि मिठीच मारली. मग चावी फिरवली आणि सुरू! आधी वर-खाली गुरगुरली, मग अशी शांत की बॉनेटवर हात ठेवून बघितलं, चालू आहे ना.
तेवढ्यात तो बघायला येणारा आलाच, श्रीही खाली उतरला. कान लावून ऐकलं. "फस्ट क्लास आहे सार, आजच नेतो."
घ्या! आम्हीच घासून पुसून दिली त्याला.
मेघाचं तोंड उतरलं. बापाला म्हणाली, "आज्जी कशात बसणार तारक्काकडे जायला? तुमच्या त्या नव्या माडीत?" श्रीने माझ्याकडे बघितलं. "आई, बोलली का नाहीस?" मी पदराने बॉनेट पुसायला घेतलं. मग तो त्या माणसाला म्हणाला, "गुरुवारी सांगतो."

गुरुवार, ता. ९
आज श्रीच आला चालवत. ऑफिसला अर्धी रजा. सिग्नलला रेडिओ बंद करून इंजिन ऐकत होता. एकदाही बंद पडली नाही. मेघाला किती आशीर्वाद देऊ.
तारक्काची वेणी घातली, अबोलीचा गजरा माळला. श्रीला बघून तिला कोण आनंद. "अरे, किती वर्षांनी!" तो तिच्या पायाशी बसला, कॉफी प्याला.
निघताना तिने माझा हात धरला. "पुढच्या गुरुवारी येतेस ना ग?"
मी श्रीकडे बघितलं. त्याच्या खिशात फोन वाजत होता. काढून बघितला. गाडी मागणाऱ्या त्याच माणसाचा. उचलला नाही, कापलाही नाही. वाजत्या फोनसकट खाली गेला आणि माझ्या बाजूचं दार उघडून उभा राहिला.