जयंतीचे रिसेप्टर

३ जानेवारी, शुक्रवार

नवीन वर्षाचा संकल्प : बायकोचा मेंदू समजून घेणे. (व्यायाम पुढच्या वर्षी. एका वेळी एकच.)

काल जयंतीचं बँकेतलं प्रमोशन आलं. मॅनेजर! पण पोस्टिंग चिपळूण, दोन वर्षं. हो की नाही ते महिनाअखेरपर्यंत कळवायचंय. मला विचारलं, तुला काय वाटतं? मी म्हटलं, तुझं वय एकोणपन्नास, इस्ट्रोजेन उतरणीला लागलंय, अशा वेळी मोठे निर्णय घ्यायचे नसतात. तिने आत जाऊन भांडी आपटली. म्हणजे निदान बरोबर.

ती नाहीच म्हणणार. मुलुंड सोडून कुठे जाते!

५ जानेवारी, रविवार

दिवसभर व्हिडिओ पाहिले. अंधेरीच्या एमआयडीसीत तीस वर्षं क्वालिटी कंट्रोल सांभाळलंय, व्हीआरएस घेतली म्हणून डोक्याला गंज चढत नाही. थोडक्यात असं : रिसेप्टर म्हणजे पंगतीत मांडलेली पानं. मन खूश ठेवणारं सेरोटोनिन म्हणजे जेवायला आलेली मंडळी. आणि इस्ट्रोजेन म्हणजे पानं मांडणारा. तो दांडी मारायला लागला की पानं कमी, मंडळी उभी, घरात आरडाओरडा. प्रयोग बरेचसे उंदरिणींवर झालेत. असू देत. उंदरीण सस्तन, जयंतीही सस्तन.

लेकीला नाशिकला फोन लावला. निधी एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हटलं खूश होईल. म्हणाली, बाबा, पानांचं ठीक आहे, पण आईला चिपळूणला जायचंय का, ते विचारलंस? हल्ली कॉलेजात पाया कच्चाच ठेवतात.

८ जानेवारी, सकाळी

प्रयोग पहिला : ऑक्सिटोसिन. मिठी मारली की मेंदूत पाझरतं. जयंती फोडणी करत होती. मागून जाऊन मिठी मारली आणि सोडलीच नाही. तिने विचारलं, काय हवंय? म्हटलं, काही नको गं, हे तुझ्या हायपोथॅलॅमससाठी आहे. तेवढ्यात मोहरी करपली. उलथनं माझ्या नाकाजवळून गेलं.

संध्याकाळी

म्हणाली, मार्तंड, बस ना जरा, चिपळूणचं बोलू. म्हटलं, आधी तुझं ताणाचं कॉर्टिसोल उतरू दे.

१० जानेवारी, शुक्रवार

प्रयोग दुसरा : चहाबंदी. तिला हळदीचं दूध दिलं. तिने ते तुळशीला घातलं आणि समोरच्या शर्मिष्ठा वहिनींकडे जाऊन चहा पिऊन आली. वहिनी महिला मंडळाच्या अध्यक्ष, म्हणजे प्रकरण आता बाहेर जाणार.

मी स्वतः चहा घेतो. संशोधकाला लागतो. एका जागी बसवत नाही, झोपही येत नाही. आज सोफा खिडकीखाली सरकवला, मग परत जागेवर आणला. अंगात नुसती संशोधनाची ऊर्जा.

१२ जानेवारी, रविवार

जयंतीने माळ्यावरची निळी बॅग काढायला लावली. शिवाय एकट्यापुरता छोटा कुकर आणलाय. काळजीचं कारण नाही. उंदरीणही मधूनच घरटं उपसते.

१५ जानेवारी, बुधवार

झकास कल्पना सुचली! रविवारी आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू. वाण म्हणून ती स्टीलच्या वाट्या देणार. वाट्या कोणाकडे नसतात? मी चार्ट बनवून लॅमिनेट करून आणले. शीर्षक : 'उंदरीण ते गृहिणी – मेंदू एकच'. वर उंदरिणीचं चित्र. खाली उदाहरण : सौ. ज., वय ४९, बँकेत नोकरी, मुलुंड पूर्व. नाव दिलेलं नाही, गोपनीयता पाळली.

सरप्राइज आहे. जयंतीला सांगितलं नाही.

१९ जानेवारी, रविवार

प्रत्येक वाटीखाली एक चार्ट सरकवून ठेवला होता. तिळगूळ झाला, अत्तर झालं, गुलाबपाणी झालं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा. शर्मिष्ठा वहिनींनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं : सौ. ज. मालिका बघताना रडते, भांडी आपटते, निर्णयक्षमता तात्पुरती स्थगित. एकीला हसू फुटलं आणि पूर्ण हॉल हसायला लागला. जयंतीसुद्धा हसली, मी पाहिलं. ती सगळ्यांच्या आधी थांबली.

वहिनी जाताना म्हणाल्या, भावजी, चित्र छान आहे, पण ह्यात तुम्ही कुठे आहात?

सगळे गेल्यावर वाटलं होतं, आता वाट लागली. पण जयंतीने हळदीकुंकवाचं तबक पुसून ठेवलं आणि शांत झोपली. म्हणजे मेंदूला शांत करणारं गाबा वाढलं. प्रयोग यशस्वी.

२२ जानेवारी, बुधवार

जयंतीने बँकेला 'हो' कळवलं. इस्त्री करताना गुणगुणत होती. सेरोटोनिन उत्तम. हा निर्णय टिकणार नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

जयंतीला ठाण्याहून गाडीत बसवून दिलं. तिने दूधवाल्याचं, गॅसचं, माझ्या बीपीच्या गोळीचं सगळं परत परत सांगितलं. मी तिला वाचायला एक चार्ट दिला. तिने तो मांडीवर पसरला आणि त्यावर पोळीभाजीचा डबा उघडला.

गाडी सुटेपर्यंत वाटत होतं, उतरेल.

५ फेब्रुवारी, बुधवार

वरण लागलं. सोफा खिडकीखाली. सोफा दाराजवळ. चिडून दूधवाल्याला उगाच बोललो. तिची मालिका लावली, कथा माहीत नसताना रडू आलं. निधीला कळवलं, कारण आता केस पुरुषाची आहे. म्हणाली, बाबा, हार्मोन्स पुरुषांनाही असतात, पण तुला झालंय ते त्याहून साधं आहे. आईला फोन कर.

कामात असेल. उद्या.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

जयंतीला फोन केला. आधी कागदावर मुद्दे काढले होते. म्हटलं, ऑक्सिटोसिनचा पुरवठा अचानक बंद झाल्यामुळे माझ्या रिसेप्टरांवर... ती म्हणाली, मार्तंड, मराठीत सांग.

मुद्द्यांचा कागद उलटा ठेवला. मग म्हटलं, तुझ्याशिवाय करमत नाही गं.

ती म्हणाली, हे एक वाक्य ऐकायला मी अख्खा जानेवारी थांबले होते रे.

मी विचारलं, तेव्हा बोललो असतो तर गेली नसतीस ना?

म्हणाली, गेले तर असतेच. पण रडत गेले असते.

मग बँकेत कोणीतरी आलं आणि तिने फोन ठेवला.

वरण आजही लागलं. एकच पान मांडलं.