समुद्राच्या वाटणीचा दिवस

ब्रसेल्स, मार्च २०१८

प्रिय बाबा,

मी मजेत आहे. तुमची पाठ कशी आहे? ब्रिटनने युरोपीय संघ सोडावा म्हणून तुम्ही मत दिलंत, संघात राहावं म्हणून मी. त्यावरून झालेल्या आपल्या भांडणाला येत्या जूनमध्ये दोन वर्षं होतील.

आज संघातून बाहेर पडण्याच्या वाटाघाटींत मासेमारीचा विषय निघाला. मी ब्रिटनच्या बाजूने टिपणं घेत होते. मधल्या सुट्टीत समोरच्या, संघाच्या बाजूचा यानिक म्हणाला, "माझे वडील मच्छीमार. म्हणतात, 'समुद्र विकायला बसलायस!' फोनच घेत नाहीत."

"माझेही मच्छीमार, अगदी तसेच!" मी म्हणाले. आम्ही हसलो. शेवटी ठरलं, दोघांनीही आजच घरी पत्र लिहायचं.

बाबा, ईस्टरला ग्रिम्सबीला घरी येतेय. वाद घालणार नाही. दार उघडाल ना?

तुमचीच,
हेझल