दांडा घट्ट बसवल्याबद्दल

रविवार, १२ मे १९५७

काल चर्चच्या हॉलमधल्या स्किफल (घरगुती वस्तूंची वाद्यं करून गायची गाणी) स्पर्धेत घडलेला प्रकार, क्रमाने:

१. माझा धाकटा भाऊ नॉर्मन (गिटार), बर्नार्ड (कपडे घासायची फळी) आणि विल्फ (चहाच्या पेटीचा बास: रिकामी लाकडी पेटी, झाडूचा दांडा आणि मध्ये ताणलेली एक दोरी) स्टेजवर गेले.
२. विल्फने नेहमीसारखा झाडूचा दांडा मागे ओढला. दांडा हलला नाही.
३. अख्खं गाणं बास एकाच सुरात वाजला.
४. दुसऱ्या गाण्यात विल्फने जोर लावला. पेटीची वरची फळी उचकटली. दोरी तुटली.
५. पहिल्या रांगेतली एक बाई ओरडली, चहा संपला वाटतं! हॉल हसला.
६. तिघं शेवटचे आले.

दांडा पेटीला लोखंडी पट्ट्या, स्क्रू आणि सरस लावून पक्का केलेला होता. ते काम माझं. वरच्या यादीत ते नाही, कारण ते शुक्रवारी झालं.

सोमवार, १३ मे

मन शांत आहे. तांत्रिक बाजू लिहून ठेवते.

कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी तारा ओढून तोडते आणि कितीला तुटल्या ते लिहिते. सैल सांधा मला बघवत नाही. विल्फचा दांडा पेटीवर नुसता टेकवलेला असायचा आणि वाजवताना पुढेमागे डुलायचा. मला वाटायचं, बिचारा सांभाळून घेतोय. दांडा डुलवूनच दोरी कमीजास्त ताणतात, त्यानेच सूर बदलतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण मग गुपित राहिलं नसतं. विल्फ तेवीस तारखेला सक्तीच्या लष्करी नोकरीवर जातोय, दोन वर्षांसाठी. जाणाऱ्या माणसाला भेट. त्यात आणखी काही नाही.

पक्का केल्यावर मी दोरी छेडून पाहिली होती. सूर एकच, पण अगदी स्थिर.

निश्चय: उद्या विल्फला सांगणे.

मंगळवार, १४ मे

सांगितलं नाही. संधी होती, पण वातावरण योग्य नव्हतं.

विल्फ संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. पेटी आमच्या धुणीघरात असते, म्हणून त्याचा संशय नॉर्मनवर. म्हणाला, माझ्या जागी दुसरा घ्यायचा होता तर तोंडाने सांगायचं होतंस लेका, सगळ्या अॅटरक्लिफ वस्तीसमोर माझं माकड कशाला केलंस? नॉर्मनने एकदा माझ्याकडे पाहिलं. विल्फ म्हणाला, पाच वर्षांचे होतो तेव्हापासूनची दोस्ती, आणि हे? मग दार आपटून गेला.

मी बटाटे सोलत होते. सोलत राहिले. सालं फार जाड निघाली. सुरीची धार गेली आहे.

गुरुवार, १६ मे

तापलेल्या धातूवर मोजमाप घेत नाहीत. विल्फ थंड होईपर्यंत थांबणं हेच शास्त्रशुद्ध.

दरम्यान नुकसानभरपाई. वाण्याकडून रिकामी पेटी मिळवली, नवी दोरी ओवली, दांडा सैल ठेवला (फार जड गेलं) आणि सगळं विल्फच्या दाराशी ठेवून आले. चिठ्ठी ठेवली नाही. काम स्वतःच बोलतं.

शुक्रवार, १७ मे

विल्फच्या आईला वाटलं, कुणीतरी सरपण आणून टाकलंय. आमच्या आईला सांगत होती, कोण देवमाणूस गं तो, पेटी अशी छान पेटली की आंघोळीचं पाणी दोनदा तापलं.

शनिवार, १८ मे

मासे-चिप्सच्या दुकानात रांग. नॉर्मन पुढे, विल्फ मागे, मध्ये मी. विल्फ मला म्हणाला, तुझ्या भावाला म्हणावं, व्हिनेगर इकडे दे. मी निरोप दिला. नॉर्मनने बाटली दिली. ती मी मागे दिली. आज सांगायचं होतं, पण हात मोकळे नव्हते.

रविवार, १९ मे

आई चर्चला गेलेली. नॉर्मनने विचारलं, इंजिनियरीणबाई, अजून किती दिवस?

मी म्हणाले, कशाचे?

तो म्हणाला, अगं, आपल्या घरात सगळ्या स्क्रूंच्या खाचा एका रेषेत आणणारं दुसरं आहे कोण? मला तिथे स्टेजवरच कळलं.

मग विल्फला का नाही सांगितलंस, असं मी जरा कडक आवाजात विचारलं.

म्हणाला, तू सांगशील म्हणून थांबलो. त्याने मला शिव्या दिल्या तर दिल्या गं, पण गुरुवारी तो असाच गेला तर दोन वर्षं आम्ही एकमेकांना ओळही लिहिणार नाही. त्याला सैन्याची भीती वाटते. ते फक्त मला माहीत आहे.

मी उठले. धुणीघरात जाऊन पट्ट्या सोडवत बसले. सरस चांगला लागला होता. निघाला नाही.

सोमवार, २० मे

कामावर जाताना विल्फच्या दारातून आत सरकवलेल्या चिठ्ठीची नक्कल. आधी एक आकृती काढली होती, ती फाडली.

विल्फ,
दांडा मी घट्ट केला. नॉर्मनला माहीत नव्हतं. दांडा डुलतो म्हणजे बिघडलाय असं मला वाटलं. तुला आधी विचारायला हवं होतं. नंतर लगेच सांगायला हवं होतं. तू त्याला बोललास तेव्हा मी तिथेच होते आणि गप्प बसले.
मला माफ केलं नाहीस तरी चालेल. नॉर्मनला भेटून जा. येणार की नाही, ते बुधवारी संध्याकाळपर्यंत कळव.
एनिड