ओमाहा की फ्रीमाँट

४ ऑगस्ट, सोमवार

आज ठरवलं. गाडी शिकायची! बासष्टावं चालू आहे तर चालू दे.

झालं असं की कोथिंबीर संपली. दुकान इथून दीड मैलावर. नागपुरात स्कूटीला किल्ली मारली की धरमपेठ, सीताबर्डी, महाल – सगळं एका दमात उरकून यायची मी. इथे म्हटलं, जाऊ चालत. निघाले पिशवी घेऊन. फुटपाथ आमच्या कॉलनीपुरता, मोठ्या रस्त्याला लागलं की नुसतं गवत. ऊन मी म्हणत होतं. पहिली गाडी थांबली – "आर यू ओके, मॅम?" म्हटलं, ओके. दुसरी थांबली – तुमची गाडी बंद पडली का? तिसरी बाई तर खाली उतरली, हातात पाण्याची बाटली दिली आणि दुकान नाही, काही नाही, सरळ घरी आणून सोडलं मला! हरवलेली म्हातारी समजली असणार. कोथिंबीर राहिलीच.

संध्याकाळी निमिष माझ्यावरच तापला. "आई, मला सांगायचं ना! वीकएंडला आणली असती." सोमवारी संपलेली कोथिंबीर शनिवारी! वर म्हणतो, लोक काय समजतील. माणसं चांगली आहेत इथली, मी नाही म्हणतच नाही. पण पायी चालणारं माणूस दिसलं की यांना वाटतं, काहीतरी वाईट झालं.

दोन वर्षं झाली मला परदेशात, या ओमाहात. हे गेल्यावर निमिष घेऊन आला. तेव्हापासून देवळात जायचं तर विचारा, केस कापायचे तर विचारा. जन्मात कधी कुणाला विचारलं नाही मी, आता पोटच्या पोराला विचारायचं?

५ ऑगस्ट

निमिषला सांगितलं. "आई, या वयात? डोक्यातून काढून टाक."

बरं. टाकलं. – कुठलं टाकते!

७ ऑगस्ट

सूनबाई धीराची निघाली. भांडी मशीनमध्ये लावता लावता ज्ञानदा हळूच म्हणाली, "आई, शनिवारी इशिताचं लर्नर काढायला चाललोय. तुम्हीही चला. निमिषचं मी बघते."

नात पंधराची, आजी बासष्टची, दोघी शिकाऊ! इशिता म्हणाली, "आजी, दॅट्स सो कूल." मग जरा थांबून – "बट प्लीज, माझ्या फ्रेंड्ससमोर नको."

९ ऑगस्ट

लेखी परीक्षा पास! इशिताची दोन उत्तरं चुकली, माझं एक. निमिषला जेवताना ज्ञानदानेच सांगितलं. तो नुसता पोळी तोडत राहिला. रागावला की बापासारखाच गप्प बसतो.

२७ ऑगस्ट

आज चतुर्थी. घरातल्या घरात आरती केली, कारण इथल्या मंडळाचा गणपती शनिवारी. ओमाहात बाप्पाही सुट्टी बघून येतो. उकडीचे मोदक केले. आम्हा नागपूरकरांचे ते काही खास होत नाहीत, पण खाल्ले सगळ्यांनी.

आणि प्रसाद खाता खाता निमिष म्हणाला, "मला फ्रीमाँटला जॉब मिळतोय." 

फ्रीमाँट! माझा तर आनंद पोटात मावेना. मे महिन्यात विमानाने गेलो होतो तिथे, निमिषच्या मित्राकडे, संजयकडे. त्याची आई मला संध्याकाळी बागेत घेऊन गेली – चालत! घरापासून चालत! तिथे बाकावर सात-आठ जणी बसलेल्या. कुणी पुण्याची, कुणी दादरची, एक तर आमच्या वर्ध्याची निघाली. चकलीच्या भाजणीत धणे किती यावरून जुंपलेली. मी तासभर त्या बाकावर बसले आणि दोन वर्षांचं बोलून घेतलं. परत येताना विमानात रडू आलं होतं मला. कुणाला दाखवलं नाही.

मी देवापुढे साखर ठेवली. मागे वळून बघते तर इशिताची खुर्ची रिकामी. वरच्या खोलीचं दार आपटल्याचा आवाज आला.

३१ ऑगस्ट

आज जेवणाच्या टेबलावर अक्षरशः सभा भरली.

निमिष म्हणे, तिथे थंडी नाही, आपली माणसं आहेत, मराठी शाळा, नाटकं, कामाला दहा कंपन्या. इथली एक नोकरी गेली तर दुसरी शोधायला गाव सोडावं लागतं. हे मात्र खरं आहे. गेल्या वर्षी त्याच्या ऑफिसात माणसं काढली, तेव्हा तो महिनाभर धड जेवला नव्हता.

ज्ञानदा म्हणे, इथे मी बारा मिनिटांत लॅबला पोचते. तिथे फ्रीवेवर आयुष्य जाईल. इथे मागे अंगण आहे, तिथे शेजारच्याची भिंत. "संजयकडे बघितलंस ना? शेजारचे शिंकले तर ऐकू येतं." निमिष म्हणाला, "निदान शेजारी तरी आहेत!" आता हे काही खरं नाही. आमची शेजारीण बेटी एक्क्याऐंशीची आहे, डिसेंबरात स्वतः मशीन लावून आमच्या दारातला बर्फ काढून जाते. आपल्या माणसांत कोण काढतं?

मग इशिता. तिचं एकच – स्विम टीम. चौघींची रिले आहे, सहावीपासून एकत्र पोहतात. ही बॅकस्ट्रोकला. शाळेची अजून तीन वर्षं. "तिथे आय'ल बी नोबडी, बाबा. इथे मला सगळे ओळखतात." निमिष म्हणाला, नवीन फ्रेंड्स होतील. ती म्हणाली, "मला नवीन नकोत."

मी म्हटलं, मला विचारणार का कुणी? निमिष म्हणाला, "तुला तर जायचंच आहे ना!"

हो. जायचंय. पण विचारावं तरी!

९ सप्टेंबर

गाडी! रोज संध्याकाळी चर्चच्या रिकाम्या पार्किंगमध्ये. ज्ञानदा शेजारी, मागे इशिता हसायला.

ब्रेक म्हणजे ब्रेक, एवढं जमलं. पण हात हॉर्नवर जातोच! वळण आलं – हॉर्न. माणूस दिसलं – हॉर्न. आपल्याकडे ती माणुसकी असते, बाबा रे, मी येते आहे, सांभाळ. आज एक पळणारा माणूस हॉर्न ऐकून गवतात उडाला. ज्ञानदाने काच खाली करून चार वेळा सॉरी म्हटलं. इशिता सीटवर आडवी झालेली हसून हसून. बऱ्याच दिवसांनी हसली पोरगी. मलाही बरं वाटलं.

"आई, इथे हॉर्न म्हणजे शिवी," ज्ञानदा म्हणाली. असेल बाप्पा! मग मी आज चर्चच्या अंगणात बरंच काही बोलले.

२० सप्टेंबर

सकाळी इशिताच्या क्लबची प्रॅक्टिस. जाताना तिने चालवली, येताना मी – खरा रस्ता! इथे रस्त्यांना आकडे आहेत, एकशे चव्वेचाळीस, एकशे छप्पन. हरवायची सोयच नाही. सूर्य वर येत होता, समोर रस्ता रिकामा, दोन्हीकडे आभाळच आभाळ. ज्ञानदा म्हणाली, छान चालवताय. मी म्हटलं, बोलू नको, लक्ष जातं.

त्याआधी तासभर पोहण्याच्या तलावाच्या काचेतून बघितलं. त्या चौघी पाण्यातून वर आल्या की आधी एकमेकींकडे बघतात, मग घड्याळाकडे. लांबून कोच कुठली, आई कुठली कळत नव्हतं, पण इशिता लगेच कळली. घरी अशी कधी दिसत नाही ती – खांदे ताठ, मोठ्याने बोलते, बाकीच्यांना सांगते काय करायचं ते.

दुपारी सुमीचा, माझ्या बहिणीचा, नागपूरहून फोन. "कधी जाता फ्रीमाँटला?" म्हटलं, जाऊ, घाई काय आहे. ठेवल्यावर माझं मलाच आश्चर्य वाटलं. घाई तर होती की मला.

३ ऑक्टोबर

नापास!

सांगते काय झालं. इथे चौकात चारही बाजूंना स्टॉपची पाटी असते. जो आधी पोचला तो आधी जाणार, एवढाच नियम. पण निमिषने मला दोन वर्षं शिकवलंय – आई, इथे धक्काबुक्की नाही करायची, दुसऱ्याला आधी जाऊ द्यायचं. मी थांबले. उजवीकडे एक बाई. मी हात केला, तुम्ही जा. समोर पिकअपवाला म्हातारा. त्यानेही मला हात केला, तुम्ही जा. मी म्हटलं, छे छे, तुम्ही. तो म्हणतो, नाही, तुम्ही. इथली माणसं तर सभ्यतेत आपल्याला हार जाणार नाहीत! डावीकडे आणखी एक येऊन तोही हात हलवायला लागला. चौघं चौकात उभे, एकमेकांना आग्रह करतोय, लग्नाच्या पंगतीत करतात तसा. मागे रांग.

परीक्षा घेणारी बाई आधी हसत होती, मग हसेना. "मॅडम, आधी तुम्ही आलात. तुमच्या वेळेला तुम्हीच जायचं असतं. तुम्ही गेला नाहीत तर कुणालाच जाता येत नाही."

नागपूरच्या व्हरायटी चौकात मी कुणाच्या बापाला आधी जाऊ दिलं नव्हतं! आणि इथे सभ्यपणाने नापास.

४ ऑक्टोबर

पुन्हा अर्ज केला. सोडते काय?

११ ऑक्टोबर

निमिषने होकार कळवला. ज्ञानदाही हो-नाही करत तयार झाली. नोव्हेंबरअखेर हजर व्हायचं. घर विकायला काढायचं म्हणून एक बाई येऊन फोटो काढून गेली. माझं देवघर "पर्सनल" दिसतं म्हणून हलवायला सांगितलं तिने. हलवलं नाही मी. म्हटलं, घर घेणाऱ्यालाही कळू दे इथे कुणी राहत होतं.

इशिता कुणाशी बोलत नाही. रात्रीचं ताट वर घेऊन जाते, अर्धं परत आणते. आज मी तिच्या खोलीत गेले. म्हटलं, बाळा, तिथेही तलाव असतील. ती भिंतीकडे तोंड करून होती. म्हणाली, "यू गेट युअर बेंच, आजी. व्हॉट डू आय गेट?"

जिना उतरून खाली आले. खरं बोलली म्हणून जास्त लागलं. मला तो बाक हवाय. हवाच आहे! त्यात माझं काय चुकलं? नवरा गेला, गाव सुटलं, दोन हिवाळे खिडकीतून बर्फ बघत काढले. चार बायकांत बसून दोन शब्द बोलावेसे वाटतात, हा काही गुन्हा नाही.

पण झोप काही लागत नाही.

१७ ऑक्टोबर

पास!!

चौकात पोचले, थांबले, डावीकडच्याने हात केला – तुम्ही जा. गेले! मान हलवून थँक्यू म्हटलं आणि गेले. शेवटी बाईने हात पुढे केला, "काँग्रॅच्युलेशन्स, नंदा." नंदा! इथे कुणी आई म्हणतं, कुणी आजी. किती दिवसांनी ऐकलं नाव.

घरी येऊन निमिषपुढे लायसन्स ठेवलं. त्याने उलटून पालटून बघितलं. फोटो बरा आलाय म्हणाला. मग एकदम उठून मिठीच मारली मला, लहानपणी मारायचा तशी. "आई, मला भीती वाटते गं तुझ्यासाठी. बाबा असे अचानक गेले..." मी म्हटलं, अरे वेड्या, मी कुठे जाते!

१९ ऑक्टोबर

आज एकटी. शेजारी कुणी नाही. आधी दुकान – कोथिंबीर घेतली, दोन जुड्या. मग देऊळ. मग म्हटलं, आणखी जाऊ, कोण विचारतंय? तळ्यापर्यंत गेले. बदकं, मासे धरणारा एक माणूस, झाडं लाल झालेली. गाडीतच बसून शेंगदाण्याची चटणी आणि पोळी खाल्ली. वीस मिनिटांत सगळं गाव ओलांडता येतं. आणि कुठे गर्दी म्हणून नाही. हेच गाव दोन वर्षं मला तुरुंग वाटत होतं.

एकटेपणा आहे इथे, तो गाडीने जात नाही. हेही लिहून ठेवते, उगाच गोड गोड नको. बदकं काही चकलीच्या भाजणीवरून भांडत नाहीत.

येताना बेटी अंगणात पानं गोळा करत होती. मला स्टीअरिंगमागे बघून तिने खराटा टाकला आणि टाळ्या वाजवल्या. तिला चहा प्यायला बोलावलं. आलं घातलेला चहा दोन कप प्याली. नवरा गेल्याला नऊ वर्षं झाली म्हणाली. माझं इंग्रजी मोडकं, तिला मराठी शून्य, तरी दीड तास बसलो.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. पणत्या लावल्या. इशिता खाली आली, नमस्कार केला, पाया पडताना डोळे सुजलेले दिसले. आशीर्वाद काय द्यावा ते सुचेना मला. डोक्यावर हात ठेवून नुसती उभी राहिले.

२४ ऑक्टोबर

सकाळी इशिताला तलावावर सोडलं आणि तशीच शाळेच्या ऑफिसात गेले. विचारलं – आईवडील दुसऱ्या गावी आणि आजी मुलीजवळ, असं चालतं का? चालतं म्हणाले. काही कागद करावे लागतात.

जेवताना सांगून टाकलं. घरापुढची विक्रीची पाटी काढा. तुम्ही दोघं फ्रीमाँटला जा, सुट्टीत येत जा. पोरीची शाळा संपेपर्यंत आम्ही दोघी ओमाहात राहतो. ज्ञानदा रडायला लागली. इशिता आधी माझ्याकडे बघतच राहिली, मग खुर्ची पाडून आली आणि गळ्यात पडली. निमिषचा घास हातातच राहिला. "आई, आणि तुझं काय?"

म्हटलं, माझं काय? मला आता झोपू द्या. साडेपाचला तिला प्रॅक्टिसला सोडायचंय.