लाल गाडीच्या ब्रेकविषयी माझी अट

मी, दत्तप्रसाद विनायक शिधये, वय ७२, निवृत्त इंजिनिअर, राहणार कर्वेनगर, पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात, कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉ. उल्का रानडे यांनी दिला आहे. पत्नीचे मत वेगळे आहे. तिला ते मांडण्याची मुभा आहे.

१. कर्वेनगरचा फ्लॅट, बँकेतील ठेवी व घरातील सर्व वस्तू पत्नी सौ. द्वारका हिला. तिच्या हयातीत कोणीही वाटणी मागू नये. १९६८ च्या मोटार शर्यतीत शेवटच्या फेरीला ती उभी राहून टाळ्या वाजवत होती. कोणासाठी, हे मी आजवर विचारलेले नाही. तरीही फ्लॅट तिलाच.

२. माझे पाने, जॅक व इतर हत्यारे स्वारगेटजवळच्या गॅरेजवाल्या रतनला. त्याने ती रंगनाथ सबनीसला उसनी देऊ नयेत. तो परत करत नाही.

३. हिरवी एमजी स्पोर्ट्स गाडी ही माझी खरी मिळकत. ती पुतणी श्रद्धा हिला, पण सशर्त. अट समजण्यासाठी थोडे मागचे सांगणे भाग आहे.

त्या शर्यतीत मी दुसरा आलो. पहिला आला हा रंगनाथ, माझा कॉलेजातला मित्र, लाल गाडीतून. शर्यत एका जुन्या धावपट्टीवर होती. शेवटच्या फेरीत धावपट्टी संपते तिथल्या वळणावर तो माझ्या अगदी पुढे होता. मी ब्रेक दाबला. त्याने दाबला नाही. त्याचा मागचा दिवा लागलाच नाही, मी पाहत होतो. ज्याला भीतीच वाटत नाही, त्याच्याशी मी काय स्पर्धा करणार? त्यानंतर मी शर्यतीत उतरलो नाही. पुढे रंगनाथने बंगला बांधला, मुलगा अमेरिकेला पाठवला, त्याचे मला काही वाटले नाही. त्या एका वळणाचा मात्र मी चाळीस वर्षे हेवा करत आलो.

श्रद्धा ज्या कंपनीत आहे तिथे कॉम्प्युटरवरचे खेळ बनतात. नव्या खेळात जुन्या स्पोर्ट्स गाड्यांच्या शर्यती जशा झाल्या तशा पुन्हा उभ्या केल्या आहेत. आमचीही शर्यत त्यात घाल म्हणून मीच तिच्या मागे लागलो. हौस, दुसरे काय! तिने माझ्या एमजीचे वजन केले, मापे घेतली, इंजिनाचा आवाज टिपला. लाल गाडी केव्हाच भंगारात गेलेली, म्हणून तिलाही माझ्याच इंजिनाचा आवाज लावला.

हेही मी सोसले. पण खेळातला रंगनाथ त्या वळणावर ब्रेक लावतो! मागचा दिवा लख्ख पेटतो आणि मी आरामात पुढे निघून जातो. श्रद्धाला जाब विचारला.

“काका, ब्रेक न लावता ती गाडी तिथे वळूच शकत नाही. वजन, टायर, स्पीड, सगळं घालून चेक केलंय आम्ही. सरळ शेतात जाते.”

“मी डोळ्यांनी पाहिलंय.”

“मग कॉम्प्युटर काय खोटं बोलतोय?”

“हो.”

आतून द्वारका म्हणाली, “अहो, जिंकताय ना? मग जिंका की गपचूप.”

असल्या भित्र्या रंगनाथला हरवून मला काय मिळणार? मला खरा हरवायचा आहे. तेव्हा अट अशी, की श्रद्धाने माझ्या हयातीतच खेळातला तो ब्रेक काढून टाकावा. न काढल्यास एमजी तिला मिळणार नाही. रतनने ती विकून पैसे द्वारकाला द्यावेत.

४. श्री. रंगनाथ सबनीस यांना काहीही नाही. वकील म्हणाले, ज्याला काही द्यायचे नाही असाच साक्षीदार घ्या. नाव सुचायला वेळ लागला नाही. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नसते, पण याने वाचावा. मी इतकी वर्षे जळलो, त्याला एक दुपार तरी जळू दे.

पुणे, दि. १५ नोव्हेंबर २००९
(सही) दत्तप्रसाद विनायक शिधये

आमच्यासमक्ष सही केली:

१. (सही) डॉ. उल्का रानडे

२. (सही) रंगनाथ सबनीस
सगळं वाचून सही केली आहे. श्रद्धाचा खेळ बरोबर आहे. ब्रेक मी दाबला होता, आणि चांगलाच घाबरलो होतो. मागच्या दिव्याचा बल्ब सकाळीच गेला होता. दत्ता, एकदा विचारायचं होतंस.